लेटमार्कचा हिशेब: मुंबईतल्या कार्यालयप्रमुखांना खुले पत्र

मुंबई महानगरातील कार्यालयांचे मालक, व्यवस्थापक आणि मनुष्यबळ विभागांचे प्रमुख यांस,



लोकलच्या गर्दीची तक्रार करायची तर ती रेल्वेकडे, असा मुंबईत शिरस्ता पडून गेला आहे. प्रवासी संघटना निवेदने देतात, वर्तमानपत्रे अग्रलेख लिहितात, न्यायालयात जनहित याचिका जातात, आणि सगळ्यांचा रोख रेल्वे प्रशासनाकडे असतो. तो रास्तच आहे. पण आत पाय ठेवायला जागा नसताना माणूस त्याच गाडीच्या दांडीला का लटकतो, दहा मिनिटांनी येणारी गाडी का पकडत नाही, याचे उत्तर रेल्वेकडे नाही. ते आपल्याकडे आहे. त्याला साडेनऊच्या आत आपल्या दारातल्या यंत्रावर बोट ठेवायचे असते. म्हणून हे पत्र आपल्या नावे.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेने दिवसाला सुमारे ७५ लाख प्रवास होतात. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या मिळून तीन हजारांहून अधिक फेऱ्या असूनही ऐन गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात. २०२३ या एका वर्षात या मार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे मरण पावली. २०२४च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, प्रवाशांना गुरांसारखे न्यावे लागते याची लाज वाटते, अशा आशयाचे खडे बोल सुनावले. त्यानंतर वर्षभराने, ९ जून २०२५च्या सोमवारी सकाळी, दिवा ते मुंब्र्यादरम्यानच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी एकमेकांवर घासले आणि रुळांवर पडले. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. कामाचा दिवस होता, वेळ ऑफिसला निघण्याची होती.

मेलेल्यांची निदान मोजदाद होते. सुखरूप पोहोचलेल्यांची कोणी करत नाही, आणि हे पत्र प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

माणूस पहाटे पाचला उठतो तेव्हापासून त्याचे शरीर घड्याळाशी झुंजू लागते. जागे झाल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात रक्तातले कॉर्टिसॉल एरवीही वाढलेले असते. दिवस सुरू करायला ते लागतेच. त्यात रिक्षाच्या रांगेची, पुलावरच्या रेट्याची, इंडिकेटरवर न दिसणाऱ्या गाडीची काळजी पडली की अॅड्रेनलिनही वाढते, नाडी जोरात चालते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर सोडली जाते. हे अधूनमधून घडले तर बिघडत नाही, शरीराची रचनाच तशी आहे. पण वर्षानुवर्षे, आठवड्यातून सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ हेच चालले तर ती यंत्रणा पूर्ववत व्हायला फुरसतच उरत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस मॅकएवेन यांनी १९९३मध्ये या साठत जाणाऱ्या झिजेची कल्पना मांडली. तिचा परिणाम हळूहळू दिसतो: न उतरणारा रक्तदाब, पोटाचा घेर, तुटक झोप, सततची अॅसिडिटी, चाळिशीतच सुरू झालेली मधुमेहाची गोळी. डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार अशा कुठल्याही गावातल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात रात्री नऊनंतर जाऊन बसावे. ऑफिसची बॅग पाठीला लावूनच आलेले पेशंट तिथे दिसतील.

२००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासाने हृदयविकाराच्या झटक्यामागची जी प्रमुख कारणे काढली, त्यांत धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांच्या पंक्तीला मानसिक-सामाजिक ताण होता. त्याच अभ्यासातल्या माहितीतून पुढे असेही दिसले, की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो. म्हणजे ज्याच्यावर घर चालते, मुलांची शिक्षणे चालू असतात, गृहकर्जाचे हप्ते फिटायचे असतात, त्या वयात.

आता डब्यात शिरू. गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर या संशोधकांनी न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने कामाला जाणाऱ्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल तपासले. अख्ख्या डब्यात किती गर्दी आहे यापेक्षा आपल्या लगतच्या आसनांवर कोण किती खेटून बसले आहे, याचा ताणाशी जास्त संबंध आढळला. लोकलच्या प्रवाशाला हे सांगायला प्रयोगशाळा लागणार नाही. तिघांच्या बाकावर इथे चौघे बसतात. चौथ्याची अर्धी मांडी बाकावर आणि अर्धी हवेत असते. तोल जाऊ नये म्हणून तो एक पाय ताठ रोवून तासभर बसतो, आणि तरीही ‘जरा सरकून घ्या’ म्हणून मिळालेली ती चौथी सीट त्याला नशिबाची वाटते. उरलेले त्याच्या गुडघ्यांवर पिशव्या टेकवून उभे असतात. काहीजण बसायला मिळावे म्हणून आधी उलट दिशेने शेवटच्या स्टेशनपर्यंत जातात आणि तीच गाडी पकडून परत येतात. त्यासाठी रोजची अर्धा-पाऊण तास झोप मोडतात.

याच संशोधकांचे दुसरे निरीक्षण आपल्या दृष्टीने जास्त मोलाचे आहे. प्रवास किती भरवशाचा वाटतो यावर ताण अवलंबून असतो. आज वेळेवर पोहोचू की नाही याची खात्री नसली की तो वाढतो. लोकलचा प्रवासी गर्दी सोसतो, उकाडा सोसतो. त्याला पोखरते ती धास्ती. आणि त्या धास्तीला धार येते आपल्या नियमाने: तीन लेटमार्क झाले की अर्धी रजा कापली जाणार. काही ठिकाणी पगार कापतात, काही ठिकाणी वार्षिक मूल्यमापनात ते आकडे निघतात. गाडी कुर्ल्याला सिग्नलला थांबली, म्हणजे रेल्वेच्या दृष्टीने सहा मिनिटांचा उशीर. डब्यातल्या क्लार्कच्या दृष्टीने तो मुलाच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी राखलेल्या अर्ध्या दिवसाचा प्रश्न असतो.

ब्रिटनमध्ये १९६७पासून सरकारी नोकरांवर ‘व्हाइटहॉल’ नावाचा अभ्यास झाला. सगळे लंडनच्या कार्यालयांत काम करणारे, सगळ्यांची नोकरी पक्की, आजारी पडल्यावर सगळ्यांना एकच सरकारी आरोग्यसेवा. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान वगैरे कारणांनी तो फरक पुरता उलगडेना. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५पासून दुसरा टप्पा हाती घेतला. त्यातून एक गोष्ट ठळक झाली: ज्यांना आपल्या कामाची वेळ, पद्धत, गती यावर काहीच ताबा नसतो, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. साहेबाच्या डोक्यावर जबाबदाऱ्या जास्त असतील. पण बैठक अकराला ठेवायची की बाराला, हे साहेब ठरवतो.

आपल्या कार्यालयांत हेच चित्र आहे. ज्यांचे पद मोठे, त्यांना ‘फ्लेक्सी टाइम’ मिळतो. ते मोटारीने येतात, दहाला येतात, अकराला येतात, कोणी विचारत नाही. हाउसकीपिंगच्या मावशींना मात्र सातला हजर राहून टेबले पुसायची असतात. त्या टिटवाळ्याहून किंवा नालासोपाऱ्याहून पहाटेची गाडी पकडतात. सुरक्षारक्षकाची ड्युटी बारा तासांची, आणि पुढचा माणूस आला नाही तर सुटका नाही. ही माणसे आपल्या पटावर नसतात, कंत्राटदाराच्या असतात. त्यामुळे आरोग्य तपासणीची शिबिरे, समुपदेशकाचा हेल्पलाइन नंबर, योगदिनाची चटई यांपैकी काहीही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

बायकांचा हिशेब आणखी वेगळा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७. संध्याकाळच्या लेडीज डब्यात मांडीवर पिशवी पसरून गवार मोडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायकांचे फोटो कौतुकाने छापले जातात. त्यात कौतुकाचे काय आहे? दिवसभर काम करून आलेल्या बाईला घरी पाऊल टाकताक्षणी कुकर लावायचा असतो, म्हणून ती विश्रांतीचा एकमेव तास भाजी निवडण्यात घालवते. सकाळी निघण्याआधी त्यांतल्या कितीतरी जणी पाणी पिणे टाळतात, कारण दोन तासांत स्वच्छतागृह मिळेल याची शाश्वती नसते. अशी बाई कार्यालयात पोहोचते तेव्हा तिला आधी पंचिंगच्या रांगेत उभे राहावे लागते.

त्या रांगेबद्दलही सांगायला हवे. लोअर परळच्या किंवा बीकेसीच्या एखाद्या टॉवरमध्ये सव्वानऊ ते पावणेदहा खाली लॉबीत उभे राहून पाहावे. माणूस इमारतीत नऊ बावीसला शिरलेला असतो. चार लिफ्टपैकी एक बंद, एक साहेबांसाठी राखीव. रांग दारापर्यंत आलेली. हजेरीचे यंत्र अकराव्या मजल्यावर. घामाने भिजलेले बोट यंत्र पहिल्यांदा ओळखत नाही, ते पँटला पुसून पुन्हा ठेवावे लागते. नोंद होते नऊ छत्तीसची. दोन तास जिवाचा आटापिटा करून वेळेत पोहोचलेला माणूस कागदोपत्री उशिरा येतो, आणि पहिला अर्धा तास मनातल्या मनात धुसफुसत बसतो. त्याच्याकडून आपण चोख कामाची अपेक्षा ठेवतो.

आपल्यापैकी अनेकांची कार्यालये आज जिथे आहेत, तिथे एकेकाळी गिरण्या होत्या. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात कार्यालये आली. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि पुढच्या काळात गिरणगावातली कितीतरी कुटुंबे चाळीतली खोली विकून कल्याण, डोंबिवली, विरारकडे गेली. आजोबा भोंगा ऐकून चालत कामावर जायचे. नातू दोन गाड्या बदलून त्याच आवारात येतो. पण एक फरक लक्षात घ्या. गिरणी पाळ्यांत चालायची. पहिली पाळी सुटताना दुसरी आत शिरायची, रातपाळी वेगळी. एकाच वेळी सगळे गिरणगाव रस्त्यावर येत नसे. गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जागी आलेल्या काचेच्या इमारतींनी मात्र सगळ्यांना एकाच अर्ध्या तासात आत बोलावले. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. तो पूल गिरण्यांच्या काळातला होता. अरुंद पुलाचा दोष रेल्वेचा होताच. परंतु त्या पुलावर एकाच वेळी इतकी माणसे कोणाच्या वेळापत्रकाने आली, हा प्रश्न तेव्हा आपल्यापैकी कोणालाच विचारला गेला नाही.

भार वाटून घेणे महाराष्ट्राला नवे नाही. विजेची ओढाताण होऊ नये म्हणून औद्योगिक भागांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारी विभागल्या गेल्या. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी त्यातूनच आली. तारांवरचा भार हलका करायला जे जमते, ते माणसांसाठी जमत नाही असे कसे म्हणता येईल?

माणसांसाठीही ते एकदा झालेले आहे. कोरोनाच्या काळात सर्वसामान्यांना बंद असलेली लोकल १ फेब्रुवारी २०२१ला सर्वांसाठी उघडली ती वेळा ठरवूनच: पहाटे पहिल्या गाडीपासून सातपर्यंत, दुपारी बारा ते चार, आणि रात्री नऊनंतर. आपली कार्यालये तेव्हा बुडाली नाहीत. कामे घरून झाली, उशिरा सुरू झाली, पण झाली. २०२३मध्ये मध्य रेल्वेने शेकडो संस्थांना कामाच्या वेळा बदलण्याची विनंती केली आणि स्वतःच्या मुंबईतल्या कर्मचाऱ्यांसाठी दोन वेगळ्या वेळा लावून दाखवल्या. पुढे व्हायला हवे होते ते आपल्याकडून. मुंब्र्याच्या अपघातानंतर पुन्हा तीच चर्चा पहिल्यापासून करावी लागली.

उलट वारे दुसरीकडेच वाहत आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने-आस्थापनांत रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून दहा तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१मध्ये काढलेला निष्कर्ष असा आहे, की आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. हे तास कामाचे आहेत. बदलापूर ते फोर्ट जाण्यायेण्याचे चार तास त्यांत धरलेले नाहीत. तास वाढवण्याची मुभा कायद्याने दिली तरी ती वापरायची की नाही, हे आपल्या हाती आहे. वापरू नका, ही कळकळीची विनंती.

आता मागण्या. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: ठरावीक मिनिटाचा लेटमार्क बंद करा. आठ ते अकरा यांदरम्यान कधीही या, आणि आल्यापासून ठरलेले तास भरा, एवढा नियम पुरेसा आहे. सगळे एकत्र हवेत म्हणाल तर अकरा ते चार असे पाच तास सगळे एकत्र असतीलच. बैठका त्यात बसवा. सकाळी साडेनऊची आणि संध्याकाळी साडेपाचला सुरू होणारी बैठक कायमची बंद करा. यामुळे गर्दी किती कमी होईल याचा वाद घालत बसायला नको. गर्दी तसूभरही हटली नाही तरी, ‘ही गाडी गेली तर पुढची’ असे मनाशी म्हणता येणे, हाच तो ताबा आहे, ज्याच्या अभावाने व्हाइटहॉलमधली माणसे आजारी पडत होती. आणि दारात लटकण्याचे कारणही त्याने जाते.

बँकेची शाखा, रुग्णालय, दुकान, कॉल सेंटर इथे वेळ पाळावीच लागते, हे मान्य. तिथे महिन्याची पाळी आधी ठरवून द्या, ऐनवेळी बदलू नका, आणि एकमेकांत अदलाबदल करण्याचा हक्क कर्मचाऱ्यांकडे ठेवा. पहाटेच्या किंवा रात्रीच्या पाळीला स्टेशनपर्यंत वाहनाची सोय हवी, विशेषतः बायकांसाठी. एकाच आवारातल्या चार कंपन्यांच्या प्रमुखांनी एकदा एकत्र बसून आपापल्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने सरकवायला एक दुपार पुरते. हजेरीचे यंत्र आजच तळमजल्यावर आणा.

कंत्राटी माणसांना या सवलतींतून वगळू नका. सुरुवात त्यांच्यापासून करा. कंत्राट आपण देता, त्यात अट आपण घालू शकता. सफाई सातलाच का व्हावी? आदल्या संध्याकाळी किंवा नऊनंतर झाली तर काय अडते? सुरक्षारक्षकाला बारा तास उभे ठेवण्याऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या लावायला जो जादा खर्च येईल, तो आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या खर्चाशेजारी मांडून पाहावा.

रुळांवर पाणी साचते, पेंटोग्राफ तुटतो, सिग्नल यंत्रणा बंद पडते, त्या दिवशी रेल्वेची घोषणा हाच पुरावा धरा. रजा कापू नका, खुलाशाचा ईमेल मागू नका. पावसाळ्यात ‘शक्य असल्यास या’ असा संदेश नऊला पाठवून उपयोग नाही. कसाऱ्याचा माणूस तेव्हा कल्याणच्या पुढे आलेला असतो. निर्णय पहाटे पाचच्या आत कळवा.

आणि संध्याकाळी सुटल्यावर कर्मचाऱ्याला सोडा. डब्यात एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने व्हॉट्सअॅपवरच्या साहेबांच्या प्रश्नाला उत्तर देणारी माणसे रोज दिसतात. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडले होते. कायदा होईल तेव्हा होवो; सातनंतर ग्रुपवर संदेश टाकायचा नाही, हा नियम करायला संसद लागत नाही.

ताण-व्यवस्थापनावरची व्याख्याने आपण भरवता, त्यामागचा हेतू चांगला असेल. पण दीर्घ श्वास घ्या, असे चौथ्या सीटवरून आलेल्या माणसाला सांगण्याआधी त्याच्या ताणाचे कारण तपासा. त्यासाठी बाहेरचा सल्लागार नको. हजेरीच्या यंत्रात गेल्या वर्षाचे सगळे लेटमार्क आहेत, आणि मनुष्यबळ विभागाकडे प्रत्येकाचा पत्ता आहे. दोन्ही याद्या एकत्र करा. लेटमार्क कोणत्या स्टेशनांवरून येतात, कोणत्या हुद्द्याचे आहेत, त्यांत बायका किती, कापलेल्या रजा कोणाच्या, आणि त्याच माणसांनी त्याच वर्षी आजारपणाच्या रजा किती घेतल्या, हे मांडून तो तक्ता सूचनाफलकावर लावा. तळाशी कामाच्या नव्या वेळा लिहा आणि त्या कोणत्या तारखेपासून लागू होतील, तेही लिहा.



आपली विश्वासू,
मध्य रेल्वेची एक पासधारक